रोजची एक बादली

सकाळी सहाला जगन्नाथ आबा तळघरात उतरायचे ते वेळ जात नाही म्हणून नव्हे. ड्यूटी म्हणून. अंगात स्वेटर, स्वेटरवरून बायकोची जुनी शाल, डोक्याला माकडटोपी, पायात जावयाचे दोन नंबर मोठे बूट आणि खिशात बॉलपेन. बाहेर अमेरिकेतल्या कोलंबसात गुडघाभर बर्फ पडलेलं असो नाहीतर कोरडी थंडी असो, जिन्याच्या अकरा पायऱ्या मोजून उतरायच्या, दिवा लावायचा आणि आधी बॉयलरला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग बाकीचं.

"बॉयलर कुठलाबी आसू दे," ते म्हणायचे, "त्येनं मनात आणलं तर घर उडवंल. त्येच्याशी मापात वागायचं."

हे बोलायचा त्यांना हक्क होता. जगन्नाथ खोत मूळचे कृष्णाकाठचे. तिथल्या साखर कारखान्यात एकोणिसाव्या वर्षी फावड्यानं भट्टीत बगॅस ढकलायला लागले. उसाचा रस काढून उरलेला चोथा तो बगॅस. अंगाला चिकटला की आठ दिवस खाज जात नाही. सात वर्षं ती खाज सोसून गड्यानं सरकारी परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत साहेबानं विचारलं, "काचेत पाण्याची पातळी दिसेनाशी झाली, तर काय करशील?" आधीच्या चौघांनी "लगेच पाणी सोडीन" असं सांगितलं होतं. जगन्नाथ म्हणाला, "आधी जाळ काढीन, सायेब. तापून लाल झालेल्या लोखंडावर पाणी सोडणारा घरला परत जात न्हाई." साहेबानं पुढचं विचारलंच नाही. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट घेऊन माणूस गावात आला तेव्हा वडिलांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि देवाच्या फोटोशेजारी टांगलं.

त्यानंतर चौतीस हंगाम. एकदाही स्फोट नाही, कुणी भाजला नाही.

पण आबांना खरा ताठा होता तो लॉगबुकाचा. दर तासाला प्रेशर किती, पाणी किती, काय घडलं, ते पाळीवरच्या अटेंडंटनं लिहायचं आणि खाली सही करायची. एका हंगामात पाण्याची पातळी अकरा मिनिटं खाली गेली. काही फुटलं नाही, कुणाला कळलंही नसतं. आबांनी लिहून ठेवलं. तपासणी तोंडावर आली तसं मुख्य इंजिनिअरनं बोलावून घेतलं. "खोत, तेवढी ओळ खोडा." आबा म्हणाले, "लिवलं ते लिवलं, सायेब. खोडायचंच आसंल तर आधी माजं सर्टिफिकेट खोडा." बक्षीस म्हणून तीन महिने त्यांना पाण्याच्या टाकीवर बसवलं होतं. ही गोष्ट आबा कुणालाही सांगायचे. कोलंबसला लागूनच असलेल्या डब्लिन उपनगरातल्या मराठी मंडळींना एकाच महिन्यात दोनदा सांगून झाली होती.

लेक ज्ञानदा आणि जावई गुरुदत्त यांचं घर मात्र डब्लिनात नव्हतं. गुरुदत्त पुण्याचा. कंपनी त्याची डब्लिनातच. त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांनी तिथंच नवी कोरी घरं घेतली, भिंतीतून गरम हवा फुंकणारी. ज्ञानदाला आवडलं ते कोलंबसच्या जुन्या वस्तीतलं शंभर वर्षांचं विटांचं घर. खोल्याखोल्यांतून खिडकीखाली ओतीव लोखंडाचे रेडिएटर, आणि त्यांत गरम पाणी फिरवणारा १९८४ सालचा गॅसचा बॉयलर तळघरात. आबा आणि त्यांच्या बायको सुमित्राकाकू याआधी दोनदा आले होते, पण उन्हाळ्यात. तेव्हा बॉयलर बंद. यंदा ऑक्टोबरात आले, बॉयलर पेटला आणि आबांना अमेरिका पहिल्यांदा आवडली.

पहिल्याच दिवशी त्यांनी खाली जाऊन त्याला प्रदक्षिणा घातली. गाभण म्हशीएवढं ओतीव धूड, वर निळ्या पत्र्याचा डगला. बुडाशी पितळी पाटी होती. चष्मा पुसून आबांनी ती मोठ्यानं वाचली, आकड्यांसकट. हॉट वॉटर बॉयलर. अमुक प्रेशर. तमुक साल. वाचलं सगळं, पण त्यातलं जे डोक्यात शिरायला हवं होतं ते शिरलं नाही. ते कसं, ते पुढं येईलच.

"ज्ञानदा, एक वही दे," वर येऊन ते म्हणाले. "आन् फूटपट्टी."

"कशाला, आबा?"

"लॉगबुक नगं का? चाळीस वर्साचा बॉयलर हाय आन् एका कागदावर काय लिवल्यालं न्हाई. तुमी मानसं राहता कशी हितं?"

गुरुदत्त हसला. "आबा, इट्स ऑटोमॅटिक. थर्मोस्टॅट सगळं बघतो."

"बगू दे की त्यो. आमीबी बगतो."

वहीत रकाने आखले गेले. तारीख, वेळ, प्रेशर, तापमान, जाळाचा रंग, शेरा. आणि शेऱ्यात रोज एक नोंद: ब्लोडाउन, बादली १.

आता हे ब्लोडाउन म्हणजे काय ते सांगायला हवं. कारखान्याच्या बॉयलरात पाण्याची वाफ होते. वाफ निघून जाते, पण पाण्यातला क्षार आणि गाळ आतच राहतो. म्हणून दर पाळीला बुडाचा व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी सोडून द्यायचं. गाळ बाहेर, पोट साफ. ज्यानं ब्लोडाउन चुकवला त्यानं बॉयलर मारला, असा तिथला कायदा. आबांच्या हाडात तो मुरलेला. इथंही बुडाशी एक नळ होता. आबांनी जवळच पडलेली केशरी प्लॅस्टिकची बादली लावली आणि नळ सोडला. शाईसारखं काळंकुट्ट पाणी आलं.

"आरं द्येवा," आबा बॉयलरला म्हणाले. "चाळीस वर्सं कुणी पोट धुतलं न्हाई व्हय रं तुजं?"

बादली भरली तशी नळ बंद केला, पाणी तळघराच्या मोरीत ओतलं. प्रेशरचा काटा जरा खाली आला आणि आपोआप वर सरकला. नवं पाणी आपलं आपण भरून घेणारा व्हॉल्व्ह होता तर. आबा खूश. त्या दिवसापासून रोज एक बादली. दहा-बारा दिवसांत पाणी निवळलं, महिन्यानं तर आरशासारखं झालं. आबांनी शेऱ्यात लिहिलं, "पाणी स्वच्छ. पिण्यासारखे." आणि त्याखाली एक बारीक रेघ ओढली, जशी ते चांगल्या कामाखाली ओढायचे.

नोव्हेंबर सरत आला आणि घर कुरकुरायला लागलं. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर बुडाला गरम, डोक्याला गार. आत पाणी गुळगुळ वाजायचं. गुरुदत्त चावी घेऊन त्यांतली हवा सोडायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा हवा. पाणी ढकलणारा पंप आधी चिरका ओरडायला लागला आणि मग घसा बसल्यासारखा घरघरायला लागला. बॉयलर स्वतः तर चहाच्या किटलीसारखा आतून खदखदायचा. आबांनी रोजच्या रोज सगळं लिहिलं आणि ब्लोडाउन अधिकच कसून, नळाला हलकेच टिचक्या मारत करू लागले, म्हणजे बुडाचा गाळ सुटावा.

"आवो," सुमित्राकाकू म्हणाल्या, "रोज सकाळी पायजम्याची बुडं भिजवून येताय. त्या यंत्रालाच आंघूळ घालताय का सोताबी करताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला कळत न्हाई. पर तुमी याच्या आधी ते घर गरम व्हतं, येवढं कळतंय."

काकूंनी चेष्टेत टाकलं, आबांनी चेष्टेवारी नेलं.

मग एका सकाळी बॉयलरमधली गॅसची बारीक वात, जिच्यावर जाळ पेटतो ती, विझली. बाहेर उणे पंधरा. गुरुदत्तनं फोन केला आणि दुपारपर्यंत वेन नावाचा गॅसचा लायसनवाला मिस्त्री आला. साठीचा, पोट सुटलेला, दाढीत बर्फ. दारात बूट पुसून तो सरळ खाली गेला. आबा मागोमाग. वेननं आबांना एकदा बघितलं, मान हलवली आणि कामाला लागला. वातीजवळचा थर्मोकपल, म्हणजे वात जळतेय की नाही हे ओळखणारी तांब्याची बारीक नळी, जळून गेला होता. तो बदलला, वात लावली, साबणाचं पाणी लावून गॅसचे जोड तपासले, जाळ निळा आहे का ते वाकून बघितलं. आबा वर येऊन बायकोला म्हणाले, "गडी हातानं काम करतोय, तोंडानं न्हाई. बरा हाय."

पण वेन जायला निघाला नाही. त्यानं पंपाला कान लावला, जोडांवरचा गंज नखानं खरवडला आणि गुरुदत्तला सांगितलं, "हा बॉयलर सारखं नवं पाणी पितोय. कुठंतरी गळतंय." नवं पाणी आत येणाऱ्या पाइपवर त्यानं एक छोटा मीटर बसवला. "आठवड्यानं येतो. किती पितोय ते बघू."

आबांनी त्या मीटरकडे डोकावूनही बघितलं नाही. तपासणीवाल्यानं लावलेल्या यंत्राला अटेंडंटनं हात लावायचा नाही, नजरही लावायची नाही, ही कारखान्याची शिस्त. ते आपले आपला रकाना भरत राहिले आणि आपली बादली ओतत राहिले.

पुढच्या शुक्रवारी वेन आला, मीटर बघितला आणि टोपी काढली.

"सात दिवसांत पस्तीस गॅलन," तो म्हणाला. वर जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले होते. "दोनच गोष्टी असू शकतात. भिंतीत नाहीतर या छतात एखादा पाइप कुजलाय. किंवा बॉयलरच्या ओतीव धडालाच तडा गेलाय आणि पाणी वाफ होऊन चिमणीतून चाललंय. चाळीस वर्षांच्या बॉयलरात नवे पार्ट घालायला मी सांगणार नाही. नवा बसवा. आणि छत उघडून पाइप बघून घ्या."

"पण छतावर डाग वगैरे काहीच नाहीये," ज्ञानदा म्हणाली.

"उघडल्याशिवाय कळणार नाही."

वेन गेला. गुरुदत्त खुर्चीवर चढला आणि जेवणाच्या खोलीच्या छताला निळ्या चिकटपट्टीनं चौकोन आखू लागला, कुठं कापायचं त्याचे. शंभर वर्षांचं प्लॅस्टर, कडेनं वेलबुट्टी. याच छतासाठी ज्ञानदानं हे घर घेतलं होतं. ती खाली उभी राहून वर बघत होती.

"पाव्हणं," आबांनी विचारलं, "ग्यालन म्हंजी किती वो?"

"पावणेचार लिटरच्या आसपास, आबा. का?"

"न्हाई. उगंच."

आबा खाली उतरले. या वेळी पायऱ्या मोजल्या नाहीत. कोपऱ्यातली केशरी बादली उचलून दिव्याखाली धरली. बुडाला ठसठशीत पाचाचा आकडा आणि पुढं इंग्रजीत गॅलन. दोन महिने रोज हातात होती; बुडाकडं कोण बघतो?

पाच साते पस्तीस.

आबांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. समोर पितळी पाटी होती. हॉट वॉटर. वाफेचा बॉयलर नव्हेच हा. इथं वाफ होत नाही, काही निघून जात नाही, मागं गाळ साठत नाही. तेच ते पाणी वर जातं, ऊब देऊन खाली येतं. अशा पोटात रोज पाच गॅलन नवं पाणी. त्याबरोबर हवा, त्याबरोबर क्षार. हवा वरच्या रेडिएटरात जाऊन बसली. क्षार बॉयलरच्या बुडाला लागला, म्हणून तो खदखदतोय. गंजानं पंप धरला. एकेक दुखणं आबांच्या समोर येऊन उभं राहिलं आणि प्रत्येकानं त्यांच्याकडंच बोट केलं. पहिल्या वर्षाच्या पोराला हे समजलं असतं. त्यांना समजलं नाही, कारण त्यांनी विचारच केला नव्हता. चौतीस हंगामांनंतर विचार कशाला करायचा?

जिन्यावर पावलं वाजली. सुमित्राकाकू चहा घेऊन आल्या.

"बादलीवर का बसलाय? अंडी घालताय का?"

आबांनी सांगितलं. सगळं, दोन वाक्यांत. काकूंनी चहाचा कप बॉयलरवर ठेवला.

"मंग जावा की वर. सांगा."

"सांगतो. जरा दम खाऊ दे." आबांनी मांडीवरची वही उलगडली. "चौतीस हंगामात एक डाग न्हाई, सुमे. आन् आता जावयाच्या घरात."

"त्योच डाग न्हाई, डाग न्हाई म्हून अमेरिकाभर डांगोरा पिटलासा. मी म्हणत हुते, जरा दमानं घ्या." काकूंनी वहीकडं बघितलं. "मंग फाडा ती वही. घाला त्या जाळात. बादली द्या फेकून. मीटरवाल्याला काय सपान पडतंय? नवा बॉयलर येईल, पोरगी छत कापून घेईल, आन् तुमी आपलं डब्लिनला जाऊन सांगत बसा, लिवलं ते लिवलं."

"गप बस."

"बसले."

आबांनी वहीची पानं मोजली. तेरा ऑक्टोबरपासून एकसष्ट नोंदी. एकसष्ट वेळा आपल्या वळणदार अक्षरात, "ब्लोडाउन, बादली १". एकही खाडाखोड नाही. चहा त्यांनी उभ्यानंच संपवला. मग एका हातात वही, दुसऱ्या हातात बादली घेऊन वर गेले.

गुरुदत्त अजून खुर्चीवरच होता. चौथा चौकोन आखत होता.

"उतरा खाली, पाव्हणं. गळती घावली."

"काय? कुठे?"

आबांनी बादली टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी वही. "ही गळती. आन् हा गळवणारा."

गुरुदत्तनं वही हातात घेतली. दोन पानं वाचली, मग मागं जाऊन पहिल्यापासून वाचू लागला. ज्ञानदा त्याच्या खांद्यावरून वाचत होती. आबा सरळ उभे होते, हात पाठीशी, तपासणीच्या वेळी कारखान्यात राहायचे तसे.

"आबा," गुरुदत्तचा आवाज चढला, "रोज? एव्हरी सिंगल डे? अहो, दोन महिने! एकदा विचारायचं तरी! मी आत्ता त्या छतावाल्यांना मंडेची अपॉइंटमेंट दिली!"

"व्हय. इचारायला पायजे हुतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं की हे क्लोज्ड सिस्टम आहे?"

"पाटीवर लिवलंय. मी वाचलंबी. कळून घेतलं न्हाई. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई."

ज्ञानदाला एकदम हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. "पाणी पिण्यासारखं," ती वहीतलं वाचत म्हणाली. "आबा, तुमी ह्येच्याखाली रेघ वडलीय!" बापाशी बोलताना ती कोलंबसातही गावच्या बोलीवर यायची.

"तवा तसंच वाटलं. तवाचं तवा लिवलं."

गुरुदत्त खाली बसला. त्याचा राग गेला नव्हता, पण आता तो छताकडं बघत नव्हता, वहीकडं बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "तुम्ही हे दाखवलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हून तर दावलं."

गुरुदत्तनं वेनला फोन लावून सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, पहिल्या दिवशी पाणी कसलं होतं? काळं. आणि नंतर? निर्मळ. वेननं मोठा श्वास सोडला. त्यानं समजावलं, ते काळं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. वर्षानुवर्षं तेच फिरलेलं, त्यातली हवा मरून गेलेली. ते लोखंडाला खात नाही. तुझ्या सासऱ्यानं मेलेलं पाणी काढून जिवंत पाणी घातलं. रोज.

"आता येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा," वेन म्हणाला. "कुठं गळत असेल तर प्रेशरचा काटा उतरेल. उद्या सांगा कुठंय."

काटा बारावर होता. आबांनी त्याच्यासमोर खुर्ची टाकली. दर तासाला नोंद. ज्ञानदानं जेवण खालीच आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काटा बारावरच होता. केसभर हलला नव्हता. म्हणजे पाइप कुजलेला नव्हता, छतात काही नव्हतं आणि बॉयलरच्या ओतीव धडाला तडा नव्हता.

"बॉयलर शाबूत हाय," आबांनी वर ओरडून सांगितलं.

गुरुदत्तनं खुर्चीवर चढून निळ्या पट्ट्या काढल्या. एक पट्टी काढताना रंगाचा टवका निघाला, तो अजून तसाच आहे.

सोमवारी छतावाल्यांऐवजी वेन आला. गाडीत नवा पंप, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, गरम पाणी फुगलं की त्याला जागा देणारी नवी टाकी, हवा काढणारा नवा नळ आणि आतला क्षार विरघळवायचं औषध. धड शाबूत असेल तर पार्ट घालण्यात अर्थ आहे, असं त्याचं आता मत होतं. आबा बाह्या सारून उभे होते.

"ग्यासचं तुजं," त्यांनी वेनला हातानं वाटणी करून दाखवली, "पाण्याचं माजं." लायसन ज्याचं, गॅस त्याचा, ते मान राखून होते. गुरुदत्तनं इंग्रजीत सांगितलं. वेननं आबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक पाना त्यांच्या हातात दिला.

पंपाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. वेननं दोनदा जोर लावला, मग करवत काढली.

"वेट," आबा म्हणाले.

बोल्टवर तेल फवारलं आणि वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग छोट्या हातोडीनं डोक्यावर टकटक, चहूबाजूंनी, पोराला थोपटावं तशी. त्यानंतर पाना लावला तो सोडवायच्या बाजूला नव्हे, आवळायच्या. वेन काहीतरी बोलायला गेला. बोल्ट कटकन बोलला, केसभर आवळला गेला, गंजाची पकड तुटली आणि मग उलट्या बाजूला लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. चारही असेच. करवत पिशवीत परत गेली.

"हे कुठं शिकलात?" वेननं विचारलं.

हे मात्र आबांना समजलं. "थर्टी फोर सीझन," ते म्हणाले.

पंप निघाला. आतली चकती तपकिरी चिखलानं भरली होती. आबांनी त्यात बोट घातलं, चिखल अंगठ्यावर घासून बघितला आणि जावयासमोर धरला. "ह्यो बगा. रोज सकाळी आंघूळ घातली त्येचा परसाद."

जुन्या जोडावरचं रबर वेन पात्यानं खरवडत होता. आबांना ते पटेना. त्यांनी नख फिरवून बघितलं, पुन्हा घासायला लावलं, पुन्हा नख. तिसऱ्यांदा मान हलवली तेव्हा कुठं नवं रबर बसलं. बोल्ट आवळताना एकामागून एक नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे. वेनही तसंच करत होता. दोघांचे पाने एका लयीत चालले होते आणि दोघंही गप्प होते. जिन्यावर बसून भाजी निवडणाऱ्या सुमित्राकाकू लेकीला म्हणाल्या, "त्येला मराठी येत न्हाई, ह्येंला इंग्रजी येत न्हाई. भांडण हुईल कसं?"

औषध घालून पोट धुतलं, गढूळ पाणी गेलं, शेवटचं नवं पाणी भरलं. वेननं गॅसचे जोड साबणानं तपासले आणि वात लावली. आबांनी वाकून जाळ बघितला. निळा. पंप सुरू झाला, आणि आवाजच नाही. आबांनी त्याच्यावर तळहात ठेवला तेव्हा खात्री झाली. वरून गुरुदत्त हवा सोडत एकेक खोली फिरत होता. थोड्या वेळानं जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडला, "आबा! वरचा बेडरूमचा फुल गरम झालाय! टॉपपर्यंत!"

आबांनी वही काढली. तारीख, वेळ, प्रेशर, तापमान, जाळाचा रंग. मग शेरा. तो लिहायला त्यांना वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी वही आणि पेन वेनसमोर धरलं.

"काय लिहिलंय?" वेननं विचारलं.

खाली आलेल्या गुरुदत्तनं वाचून सांगितलं. "बॉयलरमध्ये दोष नव्हता. अटेंडंटने गरज नसताना एकसष्ट दिवस ब्लोडाउन केला. त्यामुळे पंप निकामी झाला. पार्ट बदलले. ब्लोडाउन कायमचा बंद. जगन्नाथ रामू खोत, फर्स्ट क्लास." खाली सर्टिफिकेटचा नंबर. त्याच्याखाली तपासनिसाच्या सहीसाठी रेघ.

वेननं दाढी खाजवली. "तीस वर्षं लोकांच्या तळघरात जातोय," तो म्हणाला. "कुणी कधी म्हणालं नाही की मी बिघडवलं. सगळे म्हणतात, आपोआप झालं." त्यानं हात पुसला आणि रेघेवर सही केली.

केशरी बादली आता पुढच्या दाराशी असते. तिच्यात पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायचं मीठ असतं. आबा सकाळी सहाला खाली जातात, बॉयलरला हात लावतात, लिहितात आणि नळाला स्पर्शही न करता वर येतात. पाणी पुन्हा काळं व्हायला दोन-तीन वर्षं जातील, असं वेन म्हणाला. मार्चअखेर परत जाताना ती वही कुणाच्या हाती द्यायची याचा आबांना घोर नाही. जावई आताच अधूनमधून खाली येऊन काटा बघतो आणि रकान्यात लिहितो. अक्षर वाईट आहे, पण लिहितो.

संक्रांतीला डब्लिनला एका घरी मंडळी जमली होती. तिळगूळ वाटून झाला, कॉफी आली. नरेंद्र नावाचे एक गृहस्थ, पूर्वीचे इंजिनिअर, आता निवृत्त, हीटिंगवाल्यांनी आपल्याला कसं घोळात घेतलं ते सांगत होते. गुरुदत्तला राहवेना. "आमच्याकडे या की, काका," तो म्हणाला. "आमच्याकडे फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट आहे. चाळीस वर्षांचा बॉयलर स्क्रॅपमध्ये चालला होता. आबांनी गंजलेले बोल्ट असे काढले ना, की तो टेक्निशियन बघत राहिला. पंप, टाकी, व्हॉल्व्ह, सगळं..."

"पाव्हणं," आबांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"काय, आबा?"

"आधी बादली सांगा. पंप नंतर."

सुमित्राकाकूंनी पदर तोंडाला लावला. नरेंद्र काका म्हणाले, "बादली? कसली बादली?"

गुरुदत्त घुटमळला. चारचौघांत सासऱ्याची चूक त्याच्या तोंडून निघेना. तेव्हा आबांनी खुर्ची पुढं ओढली, माकडटोपी काढून गुडघ्यावर ठेवली, छाती जराशी पुढं आली, आणि तेरा ऑक्टोबरपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.